पडलेल्या उमेदवारांची यादी

माझ्या हातून एकदा एक जिवंत माणूस मेला. सातासमुद्रापलीकडचा, मी कधी न पाहिलेला, आणि तोही टाइपरायटरवर. खरं तर त्याच यादीत मी आणखी दहा-बारा जण मारले होते, त्यातल्या एकाला तर तीन वेळा. पण बाकीचे तोवर आपापल्या वेळेला गेलेले होते, त्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही. हा एकटाच जिवंत निघाला.

नातीला हे सांगितलं तेव्हा ती फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "आज्जी, यू किल्ड अ गाय?" एरवी मी हाक मारली तर हिला ऐकू येत नाही.

ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहत होतो. आमचे हे सकाळी गाडी घेऊन रिसर्च पार्कातल्या औषधकंपनीत जायचे, गाडी एकच, आणि मी त्यांच्या व्हिसावर आलेली, म्हणजे कागदोपत्रीच परावलंबी. नोकरी करायची नाही. सांगलीहून इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास, आणि दिवसभर काम काय, तर कार्पेटवर व्हॅक्यूम फिरवणं. तेव्हाचा फोटो आहे माझा, बेलबॉटमवर स्वेटर आणि कपाळाला ही एवढी टिकली. चेहऱ्यावर असा भाव, की या देशाला इंग्रजी शिकवायलाच बाई उतरल्या आहेत.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. मूळचे स्कॉटलंडचे. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत आले आणि सगळी हयात इथल्या शाळेत इतिहास शिकवण्यात घालवली. मी त्यांना 'सर' म्हणायचे. मास्तर म्हटल्यावर आपल्या तोंडून दुसरं काय निघणार? बायको गेलेली, मूलबाळ नाही. आणि डोळे अधू झाले होते. माणूस आला एवढं दिसायचं, पण छापलेलं अक्षर वाचता यायचं नाही. तशा अवस्थेत त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं होतं. विषय काय, तर त्यांच्या जन्मगावच्या मतदारसंघाचा इतिहास. स्कॉटलंडमधला एक मतदारसंघ, आणि तोही नकाशावर न उरलेला!

मी वेळ घालवायला म्हणून टाइप करून देते म्हटलं, आणि मग रोजच जायला लागले.

तो मतदारसंघ मोठा गमतीचा होता. चार छोट्या गावांचा मिळून एक खासदार, पण गावं एकमेकांना लागून नव्हती. एक मासेमारीचं बंदर, एक गिरणीचं गाव, एक बाजारपेठेचं आणि एक, सरांच्या भाषेत, "कशाचंच नाही." मधला सगळा शेताभाताचा मुलूख दुसऱ्याच मतदारसंघात. कुणा जुन्या काळच्या माणसाला वाटलं म्हणून दोऱ्यात मणी ओवावेत तशी ही चार गावं एकत्र बांधलेली. बंदरवाले गिरणीवाल्यांना गर्विष्ठ म्हणायचे, गिरणीवाले बंदरवाल्यांना मासे म्हणायचे, आणि चौथ्या गावाला कुणी काहीच म्हणत नसे, याचा त्यांना राग. मग युद्धानंतर काही वर्षांनी मतदारसंघांची नव्यानं आखणी झाली आणि हा दोरा तोडला.

"मी ज्या जागेचा मतदार होतो ती जागाच आता नाही," सर म्हणायचे. "घर पडलं तर निदान दगड दिसतात."

त्यांचं लेखन कॅरीतलंच एक मंडळ छापणार होतं. त्या भागात स्कॉटिश वंशाची माणसं पुष्कळ. त्यांचं मंडळ हुबेहूब आपल्यासारखं: दर सभेला कुणी कुठला पदार्थ आणायचा यावर वाद, आणि अध्यक्ष कोण यावर अबोला. फरक एवढाच, की तिथे पुरुष घागऱ्यात. चिटणीसबाई मात्र फार गोड होत्या.

तर माझं काम. सर जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं मला द्यायचे, मी मोठ्यानं वाचायचे, ते सांगायचे आणि मी टिपायचे. घाईत मी मराठीत टिपायची. उभा राहिला त्याला 'उ.', निवडून आला त्याला 'नि.', पडला त्याला 'प.'. शेवटी साऱ्या निवडणुकांची एक यादी करायची होती, पुस्तकाच्या मागे जोडायला. सर म्हणाले, "यादी तूच कर. वर्ष, नाव, काय झालं ते. कोरडी हवी, शब्द कमी."

मग मी कोरडी केली. उभा राहिला म्हणजे 'स्टुड'. इथे अमेरिकन लोक निवडणुकीत धावतात, पण ब्रिटिश उभे राहतात हे मला ठाऊक होतं, त्यामुळे आपण किती बारकाईनं काम करतो म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. निवडून आला म्हणजे 'इलेक्टेड'. आणि पडला म्हणजे? उभा राहिलेला माणूस पडतोच की! 'फॉल'चा भूतकाळ 'फेल'. चार अक्षरं, एकच शब्द, कोरडा ठणठणीत.

माझ्या डोक्यात शंकेचं नखसुद्धा नव्हतं. आमचे थोरले काका सांगलीला नगरपालिकेला दोनदा उभे राहिले आणि दोनदा पडले. निकालाच्या दिवशी काकू शिरा करायची. निवडून आले तर लोकांना, पडले तर घरच्यांना. दोन्ही वेळा आम्ही पोटभर खाल्ला. आमच्याकडे पडणं हे असं, साजूक तुपातलं.

यादीतली शेवटची ओळ सरांच्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाची. महायुद्ध संपलं त्याच वर्षी झालेली निवडणूक, त्या मतदारसंघाची शेवटची सार्वत्रिक निवडणूक. तीत पडलेला उमेदवार हा सरांचा लहानपणापासूनचा मित्र होता. एका बाकावर शिकलेले, एकाच होडीतून शाळा बुडवून गेलेले. त्या वसंतात मित्राचा धाकटा भाऊ युद्धात मारला गेला होता. आणि तरीही त्या उन्हाळ्यात सर विरुद्ध बाजूच्या उमेदवारासाठी दारोदार फिरले, कारण सरांचं मत तसं होतं. मित्र थोडक्यात पडला. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. सर अमेरिकेत आले, चाळीस वर्षं व्हायला आली.

आता पुस्तकाचं निमित्त होतं. सरांनी मला त्या मित्राला पत्र सांगितलं. सांगताना तीनदा थांबले, दोनदा शिंकल्यासारखं केलं. निवडणुकीच्या आठवणी लिहून पाठव, असं पत्रात होतं. शेवटी, उन्हाळ्यात इथे येऊन राहशील का, असंही होतं. "यादीही जोड," सर म्हणाले, "म्हणजे काम गंभीर आहे हे त्याला कळेल."

जोडली. मी स्वतः टपालात टाकली.

पाच दिवसांनी चिटणीसबाईंचा फोन आला, माझ्या घरी. छपाईसाठीची प्रत मी त्यांनाही दिलेली होती.

"यादी वाचून डोळ्यांत पाणी आलं गं," त्या म्हणाल्या. "इतके सगळे गेले?"

मला वाटलं, पराभवाचं दुःख करतायत. मी म्हटलं, "हो ना. त्या भागातले लोक फार कडवे."

"पण एक विचारते, रागावू नकोस. हे एक गृहस्थ तीन वेळा कसे?"

"चिकाटी!" मी म्हटलं. "पण चौथ्यांदा निवडून आले बरं का."

मग त्या अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तशा म्हणाल्या, "निवडून आले म्हणजे... गेल्यानंतर?"

मग त्यांनीच मला समजावलं. युद्धात धारातीर्थी पडणाऱ्याला तो शब्द लावतात. निवडणुकीत माणूस हरतो. फोन ठेवून मी शब्दकोश काढला. सांगलीहून येताना सामानात त्याचं वजन फार झालं म्हणून हे कुरकुरले होते, आणि मी आणल्यापासून तो उघडला नव्हता, कारण मी एम.ए.! उभ्यानं वाचला. मग खाली बसले.

बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. छपाई थांबली होती. पण ती शेवटची ओळ! मित्राचं आडनाव, त्यापुढे युद्ध संपलं ते वर्ष, आणि त्यापुढे माझा कोरडा शब्द. ज्याचा भाऊ खरोखर त्याच वर्षी, त्याच आडनावानं पडला होता, त्याला चाळीस वर्षांनी आलेल्या पहिल्या पत्रात हे वाचायला मिळणार. त्याला काय वाटेल? की या माणसाला मी आणि माझा मेलेला भाऊ यांतला फरकही आठवत नाही? की हा अजून टोमणाच मारतोय?

पोस्ट ऑफिस दोन मैलांवर. गाडी नव्हती, रस्त्याला पायवाट नव्हती. मी गवतातून चालत निघाले. तीन गाड्या थांबल्या, "मदत हवी का?" म्हणून. त्या काळी तिथे पायी चालणारी बाई म्हणजे नक्कीच संकटात. आणि मी होतेच. खिडकीतला माणूस माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बाई, पत्र आता समुद्रावर असेल. विमान वळवू का?"

संध्याकाळी ह्यांना सांगितलं.

"अहो, मी 'फेल' लिहिलं."

"मग बरोबर आहे की. हरला म्हणजे फेलच."

"अहो, नापासातला फेल नाही हो! पडल्यातला फेल!"

"पडला म्हणजे नापासच ना?"

मला रडू यायला लागलं तेव्हा यांनी चमचा खाली ठेवला. सगळं नीट ऐकून म्हणाले, "उद्या जाऊन सांगून टाक."

"आणि त्यांनी हाकललं तर?"

"तर व्हॅक्यूम आहेच."

मी सांगितलं नाही. भित्री ती भित्रीच. त्याऐवजी एक निळं हवाईपत्र आणलं आणि मित्राचा पत्ता पाठ होता त्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं. चूक माझी, सरांना दिसत नाही, त्यांनी यादी पाहिलेलीच नाही. आमच्या भाषेत उमेदवार पडतो आणि दुसऱ्या दिवशी उठून चहा पितो. थोरल्या काकांचं लिहिलं, शिऱ्याचंही लिहिलं. मग शिरा म्हणजे काय हे लिहिण्यात अर्धं पान गेलं आणि माफी मागायला जागा कमी पडली, म्हणून ती कडेनं आडवी मागितली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सरांची टपालपेटी उघडायचं काम माझंच होतं. त्यांना पाकिटावरचं अक्षर दिसत नसे, म्हणून मी पेटीपाशी पोचले की ते दारातून ओरडायचे, "परदेशी तिकीट आहे का गं, पोरी?" रोज मी हात आत घालायची तो विंचवाच्या बिळात घातल्यासारखा. विजेचं बिल निघालं की इतका आनंद व्हायचा! "नाही सर," मी म्हणायची, आणि त्यांचा चेहरा उतरायचा. त्यांचा उतरला की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि मग त्याचीच लाज वाटायची.

वर त्यांची तयारी चाललेली. पाहुण्याच्या खोलीत बायकोची शिवणाची पेटी होती, ती मला हलवायला लावली. एक दिवस म्हणाले, "तो उंच आहे. हा पलंग पुरेल का? जरा मोजून सांग." मी साडीच्या पिनांच्या डबीतली टेप काढून पलंग मोजत होते. ज्याला मी मारलं त्याच्याच मापाचा पलंग. ते मला सहन झालं नाही. तशीच गुडघ्यांवर बसून मी सगळं सांगून टाकलं: चिटणीसबाई, शब्दकोश, मी परस्पर लिहिलेलं पत्र.

सर दारात उभे होते. म्हणाले, "त्याच्या ओळीत काय आहे ते वाच."

मी पाठ म्हणून दाखवली.

"भावाच्या ओळीत?"

"भाऊ यादीत नाहीत, सर. ते उभे राहिले नव्हते."

"नाही. तो बाजारचौकातल्या स्मारकाच्या दगडावर आहे. चार गावांतली सगळी पोरं आहेत. वर एकच शब्द कोरलाय, सगळ्यांसाठी मिळून." त्यांनी चौकटीला हात टेकला. "तोच."

मी काहीतरी बोलायला गेले. ते म्हणाले, "आज टायपिंग नको. उद्याही नको."

मी घरी आले आणि आठवडाभर व्हॅक्यूम फिरवला. शेजारीण विचारायला आली, पार्टी आहे का म्हणून.

आठव्या की नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला. "परदेशी तिकीट आहे," सर म्हणाले. "बोटानं कळतंय, कागद पातळ आहे. ये."

"सर, चिटणीसबाईंना बोलवा ना. त्या छान वाचतात."

"मी तुला बोलावलंय."

गेले. पाकीट त्यांनी गुडघ्यावर धरून ठेवलं होतं, न उघडता. मी उघडलं. आत एकच पान. मनात लगेच आलं, वाचणारी मीच आहे. वाईट असेल ते गाळून वाचलं तर कुणाला कळणार? चांगल्या दोन ओळी तर मी आयत्या वेळी रचूही शकते, एवढं माझं इंग्रजी... असो.

सरांना बहुधा ते ऐकू गेलं. म्हणाले, "आहे तसं वाच. सगळी हयात मी पोरांच्या तोंडून धडे ऐकलेत. कुठे गाळलं ते मला श्वासावरून कळतं."

आहे तसं वाचलं. पत्राला 'प्रिय' नव्हतं, नुसतं नाव होतं. लिहिलं होतं: तुझं पाकीट उघडलं, यादी पाहिली, आणि चुलीत टाकली. बायकोनं चिमट्यानं बाहेर काढली, कडा जळल्यात. चार दिवस मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मधली वर्षं दिल्या त्यांत ही भर. मग त्या बाईचं पत्र आलं. बायकोनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या काकांना सांग, की पडल्यावर माझ्या घरी कुणी गोड केलं नाही. आमच्याकडे तेव्हा साखरही नव्हती आणि खाणारा एक जण कमी होता.

मी थांबले.

"श्वास घेतेस का गाळतेस?" सर म्हणाले.

"श्वास घेतेय."

पुढे लिहिलं होतं: आठवणी लिहून हव्यात तर लिहीन. यायचं की नाही ते नंतर बघू. आधी एका गोष्टीचं उत्तर दे. तू दारोदार फिरलास हे मला तेव्हाच कळलं होतं, चारही गावांना कळलं होतं. ते मी विचारत नाही. पडद्याआड गेल्यावर कागद हातात आला, त्यावर माझं नाव होतं, भावाला जाऊन तीन महिने झाले होते. तिथे तुला कुणी बघत नव्हतं. तिथे तू कुणाला मत दिलंस?

खाली सही. बस, एवढंच.

मी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मला मनापासून वाटत होतं, की सरांनी खोटं सांगावं. 'तुलाच दिलं' एवढं लिहिलं की झालं. तिकडे म्हातारा विमानात बसेल, इकडे पलंग मोजून तयार आहे. मी तर ते वाक्य मनात टाइपही केलं होतं, स्पेलिंगसकट.

"सर," मी म्हटलं, "इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला नक्की आठवतं?"

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. नीट दिसत नव्हतं त्यांना, पण वर्गात मागच्या बाकावर कुजबुजणाऱ्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. टाइपरायटरकडे बोट केलं. मी कागद चढवला, तारीख घातली, मित्राचं नाव घातलं आणि हात वर धरून बसले.

सर म्हणाले, "टाइप कर: 'तुझ्याविरुद्धच दिलं.' पूर्णविराम. आता खाली जागा सोड पोरी, बरीच सोड. बाकीचं मी माझ्या हातानं लिहिणार आहे, आणि त्याला माझं अक्षर लागलं नाही तर तो विचारील तुलाच."